उत्तरेकडची हिरवळ : बरकत की इशारा?

आपल्या घरांत हिरवळ हा शब्दच सुखाचा आहे. पहिला पाऊस पडून आठवडा झाला की कोकणातल्या कातळावर हिरवा थर चढतो, मराठवाड्यातल्या बांधांवर गवत उगवते आणि घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, यंदा बरकत दिसते. झाड वाढले म्हणजे चांगले झाले, हे मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. त्यामुळे पृथ्वीच्या उत्तर टोकाकडची बर्फाळ जमीन गेल्या चाळीस वर्षांत अधिक हिरवी झाली आहे, हे वाचल्यावर आधी बरेच वाटते. ओसाड मुलखात झुडपे वाढत असतील तर त्यात वाईट काय?

पण जे शास्त्रज्ञ ही हिरवळ रोप न् रोप मोजतात, ते मात्र काळजीत आहेत. त्यांची काळजी काय आहे, ते आम्ही या लेखात सोप्या शब्दांत मांडणार आहोत. उष्णता वाढली की टुंड्रा प्रदेशातल्या कोणत्या वनस्पती वाढतात, कोणत्या मागे पडतात, आणि जमिनीवर जमा होणारी हिरवळ जमिनीखाली होणाऱ्या तोट्याची भरपाई करते का, असे तीन प्रश्न आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर थेट आपल्यापर्यंत येऊन पोहोचते.

झाडांविना मुलूख

शाळेच्या भूगोलात टुंड्राच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद येतो. थंडी, रेनडिअर, बर्फाची घरे, संपले. प्रत्यक्षात हा फार मोठा मुलूख आहे. अलास्का, कॅनडाचा उत्तर भाग, ग्रीनलंडची किनारपट्टी, नॉर्वे-स्वीडन-फिनलंडचा वरचा भाग आणि रशियाचा जवळजवळ सगळा उत्तर किनारा त्यात येतो. ‘टुंड्रा’ हा शब्द तिथल्या सामी लोकांच्या भाषेतून रशियन भाषेत आणि तिथून जगभर गेला. झाडे नसलेला उंच माळ, असा त्याचा मूळ अर्थ.

या माळावर मोठी झाडे का नाहीत? एक कारण डोक्यावर आहे आणि एक पायाखाली. डोक्यावर थंडी. हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांच्या आसपास असतो आणि उन्हाळ्यातही सरासरी तापमान साधारण ३ ते १२ अंशच राहते. रोपांना वाढायला वर्षातून पन्नास-साठ दिवस मिळतात. पायाखाली आहे कायम गोठलेली जमीन, जिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ शून्य अंशावर किंवा त्याखाली राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. तिची जाडी कित्येक ठिकाणी शेकडो मीटर आहे. उन्हाळ्यात तिच्यावरचा पातळ थर तेवढा सुटतो, कुठे वीतभर, कुठे हात-दोन हात. रोपांची मुळे याच थरात राहतात, कारण त्याखाली दगडासारखा बर्फ लागतो.

पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला १५० ते २५० मिलिमीटर पाणी पडते. रत्नागिरीत पावसाळ्यातल्या दोन-तीन जोराच्या दिवसांत एवढे पडून जाते. तरीही उन्हाळ्यात टुंड्रा दलदलीचा असतो, कारण गोठलेल्या जमिनीतून पाणी खाली मुरत नाही.

तिथे माणसेही राहतात. पुस्तके ज्यांना एस्किमो म्हणत आली ते इनुइट, रेनडिअर पाळणारे सामी आणि नेनेत्स यांची ही वडिलोपार्जित भूमी. आपल्या वाचकांना कदाचित नवल वाटेल, पण या मुलखाच्या उंबरठ्यावर मशीदही आहे. कॅनडातले इनुविक हे गाव आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे २०० किलोमीटर उत्तरेला, शेवटची झाडे आणि टुंड्रा जिथे भेटतात तिथे वसले आहे. २०१० मध्ये तिथल्या थोड्याशा मुस्लिम कुटुंबांसाठी विनिपेग शहरात एक छोटी मशीद बांधली गेली आणि ट्रकवरून, मग नदीतल्या तराफ्यावरून सुमारे ४,००० किलोमीटरचा प्रवास करून ती इनुविकला पोहोचली. या गावात उन्हाळ्यात जवळपास दोन महिने सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात महिनाभर उगवत नाही. इथली घरे जमिनीत रोवलेल्या खांबांवर उभी असतात, कारण घराची ऊब जमिनीला लागली तर खालचा बर्फ वितळून घरच खचेल. जमीन तापली तर काय होते, हे इथल्या माणसाला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

बुटके राहण्याचे शहाणपण

आर्क्टिक टुंड्रात फुलझाडे, गवते, झुडपे मिळून सुमारे १,७०० प्रकारच्या वनस्पती आहेत. शेवाळे आणि दगडफुले वेगळीच. त्या कशा जगतात, हे पाहायला दूर जायला नको. कोकणातला कातळसडा किंवा साताऱ्याजवळचे कासचे पठार डोळ्यांपुढे आणा. पातळ माती, थोडे दिवस आणि त्या थोड्या दिवसांत उरकून घ्यायचे फुलणे. सड्यावरची रोपे उंच होत नाहीत, जमिनीलगत पसरतात. टुंड्रातली रोपे हेच करतात, फक्त त्यांचा शत्रू दुष्काळाऐवजी थंडी आणि वारा आहे.

जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा उबदार असते आणि तिथे वारा कमी लागतो. म्हणून मॉस कॅम्पियन नावाचे एक रोप उशीसारखे गोल, घट्ट वाढते. उन्हात त्या उशीच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा चांगलीच गरम होते. ड्रायस नावाचे पांढरे फूल सूर्याकडे तोंड करून दिवसभर त्याच्याबरोबर वळते. त्याच्या वाटीसारख्या पाकळ्या ऊन मध्यभागी एकवटतात, आणि त्या उबेला माश्या येऊन बसतात. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज होतो. त्याच्याच कुळातला आर्क्टिक विलो तिथे बोटभर उंचीचा, जमिनीवर सरपटणारा असतो. पेन्सिलीएवढ्या जाडीचे त्याचे खोड कित्येक दशकांचे असू शकते. भूर्जपत्राच्या झाडाचा तिथला भाऊबंद गुडघ्यापर्यंत येतो. नागरमोथ्याच्या कुळातले कापूसगवत पांढरे गोंडे घेऊन दलदलीत उभे असते. बऱ्याच रोपांच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्याच उन्हाळ्यात तयार होऊन बर्फाखाली वाट पाहत बसतात.

असे हे फार काटकसरीचे घर आहे. उत्पन्न थोडे, खर्च त्याहून थोडा. उष्णतेने नेमके हेच गणित बदलले.

मोजमाप कसे झाले?

आर्क्टिक प्रदेश साऱ्या पृथ्वीच्या सरासरीपेक्षा किती वेगाने तापतो आहे, याचा हिशेब फिनलंडच्या हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. १९७९ पासूनचा वेग जवळपास चौपट निघाला. समुद्रावरचे पांढरे बर्फ कमी झाले की उघडे पडलेले काळे पाणी अधिक ऊन शोषते, हे त्यामागचे एक मोठे कारण.

रोपांवर त्याचा परिणाम ओळखण्यासाठी चार वेगवेगळ्या साक्षी तपासल्या गेल्या.

पहिली साक्ष उपग्रहांची. पानांवरून परतणाऱ्या प्रकाशावरून जमीन किती हिरवी आहे हे उपग्रह सांगतात. १९८५ ते २०१६ या काळात टुंड्रातल्या तपासलेल्या ठिकाणांपैकी एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणे हिरवी झाली. फार थोडी ठिकाणे उलट तपकिरी पडली.

दुसरी साक्ष जुन्या फोटोंची. १९४८ ते १९५० या काळात उत्तर अलास्कात तेलाच्या शोधासाठी विमानातून फोटो काढले गेले होते. पन्नास वर्षांनी, १९९९-२००० मध्ये, शास्त्रज्ञांनी त्याच जागांचे त्याच कोनातून पुन्हा फोटो काढले आणि दोन्ही शेजारी ठेवले. टेकडी तीच, नदीचे वळण तेच. पण उतारांवर आल्डर, विलो आणि बुटका भूर्ज यांची झुडपे वाढलेली, दाट झालेली आणि नव्या जागी पसरलेली दिसली. इनुविकच्या उत्तरेकडच्या माळांवरही आल्डर वाढल्याचे जुन्या-नव्या हवाई फोटोंवरून दिसून आले आहे.

तिसरी साक्ष प्रयोगाची. १९९० मध्ये अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून ‘आंतरराष्ट्रीय टुंड्रा प्रयोग’ सुरू केला. त्याची युक्ती अगदी साधी आहे. पारदर्शक फायबरच्या तिरक्या भिंतींचे, वरून उघडे असे षटकोनी कुंपण रोपांभोवती ठेवायचे. आतली हवा बाहेरच्यापेक्षा एक ते तीन अंश गरम राहते. आत आणि बाहेर तीच रोपे, तीच माती. फरक फक्त उबेचा. कॅनडाच्या एल्समेअर बेटावरील अलेक्झांड्रा फिऑर्ड येथे १९९२ मध्ये अशी कुंपणे ठेवली गेली. अकरा ठिकाणच्या अशा प्रयोगांचा एकत्र निष्कर्ष २००६ मध्ये आला: उबेत झुडपे आणि गवते उंच आणि दाट झाली, शेवाळे आणि दगडफुले घटली, आणि एकूण प्रकारांची विविधता कमी झाली.

चौथी साक्ष रोपांच्या अंगातच लिहिलेली असते. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते, तसे विलोच्या झुडपातही वाढते. रशियातल्या यमाल द्वीपकल्पाच्या परिसरातील विलोची वलये मोजली, तेव्हा ज्या वर्षी उन्हाळा उबदार त्या वर्षी वलय जाड, हे नाते अनेक दशकांच्या नोंदींत टिकून असल्याचे दिसले.

२०१८ मध्ये या सगळ्याला जोड मिळाली. टुंड्रातल्या ११७ ठिकाणांच्या सुमारे तीस वर्षांच्या नोंदी एकत्र करून शंभरावर शास्त्रज्ञांनी दाखवले की रोपांची सरासरी उंची वाढली आहे. काही ठिकाणी जुनीच रोपे उंच झाली, पण मोठा वाटा दक्षिणेकडून आलेल्या उंच जातींचा होता. युरोपच्या सखल कुरणांतले एक सुगंधी गवत आइसलंड आणि स्वीडनमधल्या टुंड्राच्या नोंदींत नव्याने दिसू लागले. हाच वेग राहिला तर शतकाच्या अखेरीस रोपांची उंची २० ते ६० टक्क्यांनी वाढेल, असा त्यांचा अंदाज आहे.

ऊब मिळाली की काय होते?

उष्णता रोपांना तीन वाटांनी वाढवते. बर्फ लवकर वितळला तर वाढीचे दिवस वाढतात. हवा उबदार असली तर पानांचे काम वेगाने चालते. तिसरी वाट मातीतून जाते आणि तीच सर्वांत महत्त्वाची. थंड मातीत मेलेली पाने-मुळे कुजत नाहीत, त्यामुळे त्यांतले नत्र तिथेच अडकून पडते. माती उबदार झाली की सूक्ष्मजीव जागे होतात, पालापाचोळा कुजवतात आणि खत मोकळे होते. हे खत वेगाने उचलण्यात झुडपे पटाईत असतात.

त्यात एक चक्र फिरू लागते. हिवाळ्यात वाऱ्याने उडणारे बर्फ झुडपांच्या फांद्यांत अडकते आणि त्यांच्या बुडाशी जाड थर साचतो. बर्फाचा जाड थर गोधडीसारखा असतो. त्याखालची माती उघड्या मातीपेक्षा बरीच कमी थंड राहते. तिथे सूक्ष्मजीव हिवाळ्यातही थोडे काम करत राहतात. वसंतात झुडपाला आयते खत मिळते, ते आणखी वाढते आणि पुढच्या हिवाळ्यात आणखी बर्फ अडकवते. शिवाय बर्फावर डोके काढणाऱ्या गडद फांद्या ऊन शोषतात, त्याने परिसर अधिक तापतो.

याला दुसरी बाजूही आहे. उन्हाळ्यात दाट झुडपाची सावली मातीला थंड ठेवते. सायबेरियात एका प्रयोगात शास्त्रज्ञांनी बुटके भूर्ज छाटून पाहिले, तर त्या जागी जमीन अधिक खोलवर वितळली. म्हणजे एकच झुडूप हिवाळ्यात जमीन उबदार ठेवते आणि उन्हाळ्यात थंड. कुठे कोणती बाजू जड ठरेल, हे तिथल्या बर्फावर, पाण्यावर आणि उतारावर अवलंबून आहे.

मसाल्याच्या डब्यातले दगडफूल

आता हरणाऱ्यांकडे वळू. बिर्याणीच्या मसाल्यात आपण दगडफूल टाकतो. ते फूल नाही आणि सरळ अर्थाने वनस्पतीही नाही. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे. टुंड्रात याच्याच नात्यातले फिकट, फांद्याफांद्यांचे दगडफूल जमिनीवर गालिच्यासारखे पसरलेले असते. हिवाळ्यात रेनडिअर खुरांनी बर्फ उकरून ते खातात. ते वर्षाला काही मिलिमीटरच वाढते. त्याला उघडे आकाश लागते, कारण त्याला मुळे नाहीत, ते कुणाशी झुंज देऊ शकत नाही. वर झुडूप आले, त्याची पाने गळून अंगावर पडली की ते संपते. एकदा गेलेला गालिचा परत यायला कित्येक दशके लागतात.

लहान फुलझाडांचेही असेच. उंच शेजाऱ्याची सावली त्यांना सोसत नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४५ ठिकाणच्या दोन हजारांहून अधिक चौकटींतल्या, १९८१ ते २०२२ पर्यंतच्या नोंदी पाहिल्या गेल्या. एकूण सरासरीत जातींची संख्या फारशी बदललेली दिसली नाही, पण जवळून पाहता निम्म्याहून अधिक चौकटींत जाती आल्या किंवा गेल्या होत्या. जिथे तापमान अधिक वाढले तिथे नव्या जाती आल्या, आणि जिथे झुडपे पसरली तिथे जाती घटल्या. सरासरी शांत दिसते तेव्हा आत उलथापालथ चालू नाही असे धरू नये, हे यावरून कळते.

आणखी एक बिघाड वेळेचा आहे. ईशान्य ग्रीनलंडमधल्या झॅकेनबर्ग संशोधन केंद्रात १९९६ ते २००५ या दहा वर्षांत फुले उमलणे, कीटक बाहेर पडणे आणि पक्ष्यांनी अंडी घालणे या गोष्टी सरासरी १४ दिवसांहून अधिक अलीकडे सरकल्या. सगळे एकाच वेगाने सरकले असते तर प्रश्न नव्हता. तसे झाले नाही. पश्चिम ग्रीनलंडमध्ये कॅरिबू हरणे पाडसे जन्माला घालण्यासाठी ठरावीक वेळी कुरणांवर येतात, कारण तेव्हा कोवळा, पौष्टिक पाला मिळतो. रोपे लवकर फुटू लागली, हरणे जवळपास जुन्याच वेळी येत राहिली. आया पोहोचतात तोवर पाला जून झालेला असतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींनुसार तिथे पाडसांचे प्रमाण चौपटीने घसरले. कुरण हिरवेगार असूनही आईला दूध पुरत नाही.

हिवाळ्यातला पाऊस

गरम हिवाळा हा गरम उन्हाळ्यापेक्षाही घातक ठरू शकतो. डिसेंबर २००७ मध्ये उत्तर स्कँडिनेव्हियात अचानक ऊब आली आणि काही दिवसांत बर्फ वितळला. बर्फाची गोधडी गेली, काही रोपे फसून जागी झाली, आणि मग कडाक्याची थंडी परतली. पुढच्या उन्हाळ्यात १,४०० चौरस किलोमीटरहून मोठ्या पट्ट्यातली हिरवळ एक चतुर्थांशाने कमी झालेली उपग्रहांना दिसली. तिथल्या काळ्या बोरांच्या झुडपांची वाढ जवळपास थांबली होती.

यमालमध्ये याची किंमत माणसांनी मोजली. तिथले नेनेत्स कुटुंबकबिल्यासह, तंबू आणि घसरगाड्या घेऊन, रेनडिअरच्या कळपांबरोबर वर्षाला शेकडो किलोमीटर फिरतात. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथे बर्फावर पाऊस पडला आणि लगेच गोठला. कुरणांवर काचेसारखे कवच चढले. खाली चारा होता, पण खुरांनी ते कवच फुटेना. त्या हिवाळ्यात सुमारे ६१,००० रेनडिअर उपाशी मेले. २००६ च्या नोव्हेंबरमध्येही असेच घडून सुमारे २०,००० मेले होते. आपल्या मुलखातल्या धनगराला किंवा शेळ्या पाळून घर चालवणाऱ्या बाईला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. कित्येक कुटुंबांचा सगळा कळप गेला.

याच मुलखात उन्हाळ्याचे चित्र उलटे आहे. विलोची झुडपे काही ठिकाणी दोन मीटरहून उंच होऊन झाडांसारखी झाली आहेत. पूर्वी उघड्या माळावर दूरवर दिसणारी जनावरे आता त्यांत शिरली की दिसेनाशी होतात, असे गुराखी सांगतात. नकाशावर जी हिरवळ, ती त्यांच्यासाठी हरवलेले जनावर आहे.

जमिनीखालचा फ्रीजर

आता तिसरा प्रश्न. झाडे हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन वाढतात. मग टुंड्रात झुडपे वाढली तर हवा साफ व्हायला नको का?

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशीचा आपला फ्रीजर आठवा. गोश्त काठोकाठ भरलेले आहे. वीज आहे तोवर महिनाभरही काही बिघडत नाही. वीज दोन दिवस गेली तर? टुंड्राची गोठलेली जमीन हा असाच फ्रीजर आहे, फक्त हजारो वर्षांपासून भरत आलेला. थंडीमुळे न कुजलेली मुळे, पाने, शेवाळ त्यात थरावर थर साठले. उत्तरेकडच्या गोठलेल्या जमिनींत मिळून सुमारे १ लाख ५० हजार कोटी टन कार्बन आहे. आज साऱ्या वातावरणात जेवढा आहे त्याच्या जवळपास दुप्पट. जमीन सुटली की सूक्ष्मजीव तो साठा खाऊ लागतात आणि कार्बन डायऑक्साइड व मिथेन होऊन तो हवेत जातो. मग हवा आणखी तापते आणि आणखी जमीन सुटते.

वरची वाढ खालची गळती भरून काढेल का, याचा अंदाज देणारा एक प्रयोग अलास्कातल्या टूलिक सरोवराजवळ झाला. माती उबदार झाल्यावर जे खत मोकळे होईल, ते शास्त्रज्ञांनी वीस वर्षे वरून घालून पाहिले. झुडपे फोफावली, जमिनीवरची वार्षिक वाढ दुप्पट झाली. पण २००४ मध्ये पूर्ण हिशेब मांडला तेव्हा दर चौरस मीटरमागे जवळपास दोन किलो कार्बन कमीच भरला. खोल मातीतून तो निघून गेला होता. वर पाहणाऱ्याला नफा दिसत होता आणि खाली भांडवल संपत होते.

त्यात आगीची भर. २००७ च्या उन्हाळ्यात उत्तर अलास्कात अनाक्टुवुक नदीजवळ वीज पडून टुंड्रा पेटला. सुमारे १,००० चौरस किलोमीटर जमीन जळाली आणि त्या एका आगीतून सुमारे २१ लाख टन कार्बन हवेत गेला. विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत साऱ्या आर्क्टिक टुंड्राने एका वर्षात सरासरी जेवढा साठवला, जवळपास तेवढाच. अमेरिकेच्या हवामान संस्थेच्या डिसेंबर २०२४ च्या वार्षिक आर्क्टिक अहवालाने स्पष्ट सांगितले की आगी धरून हिशेब केला तर टुंड्रा आता कार्बन साठवणारा राहिलेला नाही, सोडणारा झाला आहे. हजारो वर्षे जमा करणारे खाते आता उचल करू लागले आहे.

आपला संबंध कुठे येतो?

हवेला सरहद्द नसते. यमालच्या जमिनीतून सुटलेला वायू आणि चंद्रपूर-कोराडीच्या धुराड्यातून निघालेला वायू एकाच आकाशात मिसळतात. कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या घरांना आणि मराठवाड्यात पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला तापलेल्या हवेचे परिणाम सोसावेच लागतात. यात दोष सगळ्यांचा सारखा नाही. दरमाणशी हिशेब केला तर श्रीमंत देशांनी आपल्यापेक्षा कितीतरी अधिक धूर सोडला आहे, आणि रेनडिअर गमावलेल्या नेनेत्स कुटुंबाने तर जवळपास काहीच नाही. म्हणून कोळसा आणि तेल कमी करण्याची मोठी जबाबदारी सरकारांवर आणि बड्या उद्योगांवर आहे. घरातली वीज जपून वापरणे चांगलेच, पण तेवढ्याने उत्तरेकडचा फ्रीजर थंड राहील असे आम्ही वाचकांना सांगणार नाही.

भारत या अभ्यासापासून दूर नाही. नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड बेटांवर न्यू ऑलेसुंड येथे, उत्तर ध्रुवापासून सुमारे १,२०० किलोमीटरवर, १ जुलै २००८ रोजी ‘हिमाद्री’ हे भारतीय संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचा कारभार आपल्या शेजारी, गोव्यातल्या वास्को येथून राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. घरात वनस्पतीशास्त्र, भूगोल, रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी मुले-मुली असतील तर त्यांना हे सांगून ठेवावे. या कामाला डॉक्टर-इंजिनिअर इतकीच हुशारी लागते आणि त्याहून थोडा अधिक धीर. एल्समेअर बेटावरच्या कुंपणांतली रोपे मोजायला दर उन्हाळ्यात कुणीतरी गुडघे टेकून बसले, म्हणून आज हा लेख लिहिता आला.

आणि एक धडा आपल्या अंगणातच लागू पडतो. कातळसडा किंवा माळरान पाहिले की आपण त्याला ओसाड म्हणतो. सरकारी नोंदींतही अशा कित्येक जमिनी पडीक म्हणून लागलेल्या आहेत. मग पावसाळ्यात उत्साहाने तिथे खड्डे खणून आकेशिया किंवा गिरिपुष्पाची रोपे लावली जातात, फोटो निघतात, जमीन हिरवी दिसू लागते. पण त्या सड्यावर दरवर्षी थोडे दिवस उगवणारी बोटभर उंचीची फुले, तिथली गवते, त्या गवतांवर चरणारी गुरे यांचे पुढे काय होते, हे कुणी मोजत नाही. उंच झाडाच्या सावलीत ती फुले टिकत नाहीत, जशी टुंड्रातली दगडफुले झुडपाखाली टिकत नाहीत.

झाडे जरूर लावावीत. रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, मशिदीच्या अंगणात, कब्रस्तानाच्या कडेला, जिथे सावलीची गरज आहे तिथे लावावीत. सड्यावर कुदळ मारण्याआधी मात्र एक पावसाळा तिथे जाऊन खाली बसून पाहावे. मुलांना सोबत न्यावे. श्रावण-भाद्रपदात त्या कातळावर किती प्रकारची रोपे उगवतात, हे त्यांनी वहीत लिहून काढावे. यादी हातात आली की त्या जागेला झाड हवे की नको, हे ठरवणे सोपे जाईल.